पलसाण्यातला समुद्र

पलसाणा म्हटले की बडोद्याच्या जुन्या घराण्यांतील वडीलधाऱ्यांना नवसारी प्रांतातला एक महाल आठवतो. १ मे १९४९ रोजी आपले संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, पलसाणा सुरत जिल्ह्यात गेला आणि बडोदेकरांच्या बोलण्यातून हळूहळू नाहीसा झाला. माझ्या तोंडी तो राहिला तो केवळ ताईमुळे. ती तिथे नांदते, आणि तिचा मुलगा, माझा भाचा, जवळच्याच एका कापड रंगवण्याच्या गिरणीत पंपांची देखभाल करतो. या भाच्याने घरात समुद्र मांडला आहे. काचेची पेटी चार फूट लांब, त्यात तीनशे लिटर खारे पाणी, सच्छिद्र खडक, दोनचार मासे आणि खडकांवर पोवळ्यांच्या जातीतले मऊ जीव.

सुरतेला समुद्र जवळ असताना पाणी मिठाचे का कालवायचे, असे मीही विचारले होते. पण खंबायतच्या आखातातले ते पाणी डुमसला जाऊन ज्याने पाहिले आहे, त्याला उत्तर सांगायला नको. भरती-ओहोटीच्या प्रचंड ओढीने गाळ सतत ढवळला जातो. त्या गढूळ पाण्यात पोवळी वाढत नाहीत. ती पाहायची तर कच्छच्या आखातात जावे. ओखामंडळ आपल्याच संस्थानाचा भाग होता, आणि तिथल्या सागरी जीवांवर जेम्स हॉर्नेल यांनी बडोदे सरकारसाठी लिहिलेला अहवाल १९०९ आणि १९१६ अशा दोन भागांत प्रसिद्ध झाला, हे आज किती जणांना ठाऊक असेल? त्याच आखाताच्या जामनगरकडील किनाऱ्याला १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तिथे नरारा बेटावर मी शाळेच्या मुलांना घेऊन गेलो होतो. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत गेलो आणि परतताना तेच पाणी पायांना ओढू लागले. पोवळ्याचा संसार या ओढीवर चालतो, हे तेव्हा पायांना कळले. डोक्याला कळायला भाच्याची पेटी यावी लागली.

पोवळे जागचे हलत नाही. अन्नाकडे जाणे नाही की घाणीपासून दूर सरकणे नाही. सगळे पाण्याने आणून द्यायचे आणि पाण्यानेच न्यायचे. त्याच्या अंगाला पाण्याचा एक पातळ थर चिकटून स्थिर राहतो. आजूबाजूचे पाणी वाहते असले की हा थर झिजतो, प्राणवायूची देवघेव होते, अंगावरचा बुळबुळीत स्राव आणि गाळ धुऊन जातो. पाणी थबकले की जीव आपल्याच स्रावात गुदमरतो. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात (ते १९५१ सालचे) लहानपणी वडिलांचे बोट धरून मी मासे पाहिले, पण काचेमागचे पाणी कोण हलवते हा प्रश्न मनात आला नव्हता.

माझे वडील जलतरंग वाजवीत. विलीनीकरणापूर्वी चारपाच वर्षे ते पोरवयातच दरबारच्या कलावंत खात्यात लागले. मी त्यांच्या पन्नाशीनंतरचा. चिनीमातीचे वाडगे आणि बंदिशींची एक वही, एवढीच त्यांची इस्टेट. वाडग्यात पाणी वाढवले की स्वर उतरतो, कमी केले की चढतो. उन्हाळ्यातल्या लांबलेल्या बैठकीत पाण्याची वाफ होऊन वाडगे वर चढत आणि वडील दोन गतींच्या मध्ये चमच्याने थेंब थेंब घालीत. भाच्याच्या पेटीतही हाच न्याय आहे. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागे उरते आणि क्षारता चढते. म्हणून उणीव भरायची ती गोड्या, शुद्ध केलेल्या पाण्याने. वैशाखात सुरतेकडे हे काम रोजचेच.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मामा-भाचे पेटी नव्याने मांडायला बसलो. पहिल्या खेपेला त्याने एका दुकानदाराकडून कठीण सांगाड्याचे पोवळे आणले होते. खडकामागच्या कोपऱ्यात, जिथे पाणी फिरतच नव्हते, तिथे ते तीन आठवड्यांत पांढरे पडले. मागून कळले की असली पोवळी २००१ सालापासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती घरी बाळगणे हाच गुन्हा. दुकानदार बोलला नव्हता, भाच्याने विचारले नव्हते. मी त्याला चांगलाच रागे भरलो. आता यादीबाहेरचेच जीव, तेही कागद पाहून, असा त्याचा नेम आहे. त्या यादीत एका पोवळ्याचे शास्त्रीय नाव ‘ट्युबिपोरा म्युझिका’ आहे. त्याच्या नळ्या ऑर्गनसारख्या उभ्या असतात म्हणे. संगीतशिक्षकाला मोह व्हावा असेच नाव, पण ते चित्रातच पाहिलेले बरे.

रचना अशी. पेटीच्या काठावरून पाणी एका नळात ओसंडते, खालच्या टाकीत उतरते, तिथे त्यातली घाण फेसावर घेऊन काढतात, आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. पंपाच्या खोक्यावर ताशी तीन हजार लिटर लिहिलेले होते. भाचा म्हणाला, “मामा, ते शून्य उंचीचं. साडेचार फूट चढवा, कोपरे वळवा, मग बघा.” वीस लिटरची बादली लावली. घड्याळ दुसऱ्या खोलीत, म्हणून मी सेकंदाला एक मात्रा या लयीत तीनताल धरला. बरोबर तीन आवर्तनांत बादली भरली. अठ्ठेचाळीस सेकंद, म्हणजे ताशी दीड हजार, छापलेल्याच्या निम्मे.

खरी लाट उठवतात ती पेटीच्या आत बसवलेली दोन यंत्रे, प्रत्येकी ताशी चार हजार लिटरची. सगळे धरून तासाला बत्तीस वेळा पेटीभर पाणी फिरते. मऊ जातींना तेवढे पुष्कळ. आकड्यापेक्षा झोत कसा येतो याला महत्त्व अधिक. एकाच जागी सरळ झोत लागला की त्या बाजूचे मांस सोलून निघते. म्हणून दोन झोत समोरासमोर सोडायचे, आलटून पालटून, पाणी कधी इकडून कधी तिकडून यावे असे. नंतर चिमूटभर खाद्य टाकून पाहायचे. कण जिथे बसून राहतो तिथे उद्याची घाण बसणार.

ओसंडणाऱ्या नळाची गुरगुर मात्र मी बसवली. हवा आणि पाणी एकाच वेळी उतरू लागले की नळ घशातून बोलतो. झाकणाच्या भोकातली हवा आणि खालची तोटी केसभर इकडेतिकडे करीत नळ गप्प होईपर्यंत मी अर्धा तास कान लावून बसलो. ताई हसत होती.

त्या रात्री तिचे हसू गेले. वर येणाऱ्या नळाचे तोंड मी, सुबक दिसावे म्हणून, पाण्याखाली चार इंच चिकटवले होते. पहाटे वीज गेली. पंप थांबला आणि तोच नळ उलटा झाला. तोंड उघडे पडेपर्यंत पेटीतले पाणी खाली ओढीत राहिला. इंचाला पंधरा लिटर, चार इंचांचे साठ. खालच्या टाकीत जागा वीस लिटरची. उरलेले चाळीस लिटर खारे पाणी ताईच्या खोलीत पसरले, आणि भिंतीशी वडिलांची लाकडी पेटी होती.

वाडग्यांना काही झाले नाही. वही भिजली. निळ्या शाईच्या त्या पानांवर आता समुद्र आहे. सतरा बंदिशी वाचता येतात, बाकीच्या मला जेवढ्या पाठ तेवढ्याच. भाचा गिरणीतून पाळी संपवून आला, सगळे पाहिले, आणि म्हणाला, “मामा, पेटी विकून टाकतो.” चूक माझी, आणि मान खाली त्याची. ताईने दोघांकडे पाहिले. “आधी फरशी पुसा,” म्हणाली.

उपाय दमडीचा होता. पाण्याच्या पातळीखाली बोटाच्या रुंदीवर नळाला एक बारीक भोक. पाणी तिथवर उतरले की हवा शिरते आणि ओढ तुटते. खाली येते ते बारा लिटर. भोक शेवाळाने बुजते, म्हणून दर रविवारी काडीने साफ करावे लागते. खालच्या टाकीवर भाच्याने लाल रेघ मारली आहे, तिच्यावर पाणी भरायचे नाही. वीज नसताना हवा सोडणारा बॅटरीवरचा छोटा पंपही घेतला. पाणी थांबले तरी श्वास थांबू नये.

दिवाळीला मी पुन्हा गेलो. जेवणे झाल्यावर भाच्याने मला पेटीपाशी बसवले आणि भिंतीवरचे बटण स्वतःच्या हाताने बंद केले. लाट बसली. नळातून पाणी उलटे उतरू लागले. ताई दाराशी पदर खोचून, हातात कोरडे फडके घेऊन उभी होती. भोकातून हवा शिरल्याचा बारीक फुरफुराट झाला, आणि खालचे पाणी टाकीच्या काठाखाली तीन बोटांवर थांबले.

“राहिलेल्या सतरा उतरवून काढ आता,” ताई मला म्हणाली, आणि फडके दोरीवर टाकायला निघून गेली.