रंग एकच, पांढरा

वारली चित्राचं सामान घरातच सापडतं. शेण-गेरूने सारवलेली भिंत, पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ आणि टोक चावून कुंचल्यासारखी मऊ केलेली बांबूची काडी. बस्स! माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, डोकं म्हणजे एक गोल.

पूर्वी हे काम लग्नघरातल्या सवाष्णींचं होतं. पालघट देवीचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चौकोनी चित्र, त्याच लिहीत. हो, ‘लिहीत’, कारण वारली माणूस चौक काढत नाही, लिहितो. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी मात्र लग्नसराईची वाट पाहिली नाही. १९७०च्या दशकात हाती कागद आला आणि ते रोजचंच चितारू लागले: भाताची झोडणी, मुंग्यांची रांग, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच. त्यांचं मासेमारीचं जाळं तर बघतच राहावं; अख्खा कागद बारीक रेघांनी विणलेला. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले होते, मातीत रेघोट्या ओढूनच काय ते सांगत.

२०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८मध्ये ते गेले. मुलगे सदाशिव आणि बाळू हेही चित्रकारच.