वंशावळीतील गावे : त्यांची मांडणी आणि त्यांचा शोध

आपल्याकडे कुलवृत्तांत सिद्ध करण्याची परंपरा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जोमाने वाढली, आणि ज्या घराण्यांनी आपले वृत्तांत छापून काढले त्यांच्या संपादकांनी गोत्र, प्रवर, कुलदैवत, विवाहसंबंध, दत्तविधान, वतने आणि इनामे यांची नोंद करण्यात जो काटेकोरपणा दाखविला तो आजही वंदनीय वाटतो. तथापि त्याच ग्रंथांत व्यक्तीच्या निवासाचा विषय आला की तो 'रा. वडगाव' एवढ्यावर आटोपलेला आढळतो. लिहिणाऱ्यास आणि त्या काळच्या वाचकास ते वडगाव कोणते हे ठाऊक होते, म्हणून अधिक लिहिण्याची निकड कोणास भासली नाही. आज चौथ्या पिढीतला वंशज तोच ग्रंथ उघडतो तेव्हा एका पुणे जिल्ह्यातच त्यास वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द आणि बारामतीकडील वडगाव निंबाळकर अशी गावे आढळतात, कोल्हापूरच्या बाजूस पेठ वडगाव आहेच, आणि यांपैकी आपल्या पणजोबांचे वडगाव कोणते हे सांगणारे कोणी घरात उरलेले नसते.

अलीकडे अनेक घराण्यांतील तरुण मंडळी ही वंशवृक्षाची कागदपत्रे संगणकात उतरवू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जुन्या ग्रंथांतील उणीव जशीच्या तशी संगणकात गेली तर ती अधिकच घातक ठरते. कारण छापील पानावरील संदिग्धता वाचक निदान ओळखू तरी शकतो, संगणक मात्र 'वडगाव' या अक्षरांखाली पाच निरनिराळ्या गावांतील माणसे निःशंकपणे एकत्र करून दाखवितो.

याचे मूळ वंशावळीच्या प्रणालींच्या इतिहासात आहे. निरनिराळ्या प्रणालींत माहितीची देवघेव व्हावी म्हणून अमेरिकेतील लॅटर-डे सेंट्स पंथाच्या वंशेतिहास विभागाने १९८४ साली 'जेडकॉम' नावाची एक लेखनपद्धती प्रचारात आणली, आणि तिचे सातवे रूप २०२१ साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीत स्थळ हे एका ओळीत, लहान घटकापासून मोठ्या घटकाकडे जात, स्वल्पविरामांनी तोडून लिहिले जाते : गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश. ही रचना सुटसुटीत खरी; परंतु गावाचे तालुके, जिल्हे आणि राज्ये काळाबरोबर बदलतात ही गोष्ट या एका ओळीत मावत नाही.

सावंतवाडीचेच उदाहरण घ्यावे. तेथील एखाद्या घरात १९३० साली जन्मलेला मनुष्य सावंतवाडी संस्थानचा प्रजाजन होता. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा त्याच घरात १९५५ साली जन्मलेल्या मुलाचा जिल्हा रत्नागिरी आणि राज्य मुंबई असे लिहावे लागते. १ मे १९६० नंतर राज्य महाराष्ट्र झाले. आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाल्यावर नातवाच्या दाखल्यावर तो जिल्हा आला. घराचा उंबरठा तसूभरही हलला नाही, आणि तरीही तीन पिढ्यांच्या कागदांत तीन निरनिराळी स्थळे दिसतात. जो अभ्यासक सोयीसाठी सर्वत्र 'सावंतवाडी, सिंधुदुर्ग, महाराष्ट्र' असे लिहून टाकतो त्याचा वंशवृक्ष दिसावयास नीटनेटका होतो, पण १९३० सालचा कागद संस्थानच्या दफ्तरात शोधावा की रत्नागिरीच्या जिल्हा कचेरीत, हे दाखविणारी खूण तो स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. मराठवाड्यात हा प्रश्न आणखी बिकट आहे. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते मराठी मुलखात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले. १९८२ साली त्यांतून लातूर जिल्हा झाला. उदगीरच्या एखाद्या देशमुखाच्या आजोबांचा कागद बीदरच्या नावाखाली आणि बहुधा उर्दू लिपीत असणार, हे ज्यास ठाऊक नाही तो लातुरात वर्षानुवर्षे हेलपाटे घालील.

या अडचणीवर उत्तम तोड काढलेली प्रणाली म्हणून 'ग्रॅम्प्स' या मुक्त आणि विनामूल्य प्रणालीचा उल्लेख केला पाहिजे. तीत स्थळ ही स्वतंत्र नोंद असते. प्रत्येक गावाची नोंद एकदाच करावयाची, आणि ते गाव कोणत्या तालुक्यात, तो तालुका कोणत्या जिल्ह्यात, तो जिल्हा कोणत्या राज्यात, हे एकेका दुव्याने जोडावयाचे; प्रत्येक दुव्यास 'अमुक सालापासून तमुक सालापर्यंत' अशी मुदत देता येते. त्याचप्रमाणे एका गावास अनेक नावे देता येतात, आणि प्रत्येक नावापुढे त्याची भाषा व काळ लिहिता येतो. मग एखाद्या घटनेची तारीख पाहून त्या तारखेस लागू असलेले नाव आणि जिल्हा प्रणाली आपणच दाखविते. नाशिकचे मोगली अमदानीतील गुलशनाबाद हे नाव, निजामी कागदांतील मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, १९८१ पर्यंतचा कुलाबा म्हणजे आजचा रायगड, दक्षिण सातारा म्हणजे आजचा सांगली जिल्हा, आणि अगदी अलीकडे बदललेली छत्रपती संभाजीनगर, धाराशिव व अहिल्यानगर ही नावे, या सर्वांस तीत एकमेकांस न पुसता जागा मिळते. प्रशासकीय घटकांचे प्रकारही आपणास हवे तसे निर्माण करता येतात. त्यामुळे तर्फ, कर्यात, महाल, पेटा, परगणा, सुभा ही पेशवाईतील श्रेणी आधुनिक तालुक्याच्या साच्यात बळेच कोंबण्याचे कारण उरत नाही. माझ्या मते मराठी वंशावळीसाठी ही सोय सर्वांत मोलाची आहे. महजर, निवाडपत्रे आणि सनदा यांत 'मौजे अमुक, तर्फ तमुक, प्रांत फलाणा' असाच पत्ता येतो, आणि तर्फेचे नाव गाळले की एकाच नावाच्या दोन गावांतला भेद नाहीसा होतो. कोकणातील कित्येक गावांच्या महसुली नावांस आजही तर्फेचे नाव चिकटलेले आहे ते उगीच नव्हे.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. ग्रॅम्प्समधील वृक्ष जेडकॉमच्या रूपात दुसऱ्या प्रणालीकडे धाडला की ही सारी उतरंड पुन्हा स्वल्पविरामांच्या एका ओळीत दबून जाते आणि मुदती गळून पडतात. म्हणून प्रणालीच्या स्वतःच्या स्वरूपातील प्रत निराळी राखून ठेवणे इष्ट होय.

गावाची नोंद आणि व्यक्तीचे मूळ गाव यांचीही गल्लत होऊ देऊ नये. महर्षी कर्वे यांचे घराणे मुरूडचे, पण त्यांचा जन्म १८५८ साली झाला तो खेड तालुक्यातील शेरवली येथे. लोकमान्यांचे गाव चिखलगाव, पण जन्म रत्नागिरीचा. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत लक्षात घेतली तर घराण्याच्या गावास जन्मस्थान समजणे किती धोक्याचे आहे हे ध्यानी येईल. म्हणून जन्म, मुंज, विवाह, वतनाची नोंद आणि मृत्यू या प्रत्येक घटनेस तिचे स्वतःचे स्थळ द्यावे, आणि मूळ गाव ही वेगळी बाब मानावी. शिवाय 'मुरूड' एवढेच लिहिणेही अपुरेच; कारण कर्व्यांचे मुरूड दापोली तालुक्यात, दुसरे जंजिऱ्याच्या किल्ल्यासमोर रायगड जिल्ह्यात, तर तिसरे थेट लातूर जिल्ह्यात आहे. साष्टीची गोष्टही अशीच आहे. ठाण्याजवळचे साष्टी बेट आणि गोव्यातील साष्टी तालुका हे दोन्ही प्रदेश पोर्तुगीज अमलाखाली राहिल्यामुळे जुन्या कागदांत एकाच नावाने येतात, आणि कागद १७३७-३९ च्या वसई मोहिमेपूर्वीचा असेल तर केवळ राज्यकर्त्याच्या नावावरून त्यांतला भेद उकलत नाही.

आता शोधाकडे वळू. येथे मराठी लेखनाचे काही विशेष आडवे येतात, आणि परदेशी प्रणाली रचणाऱ्यांनी त्यांचा विचार केलेला नाही. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार रद्द केले. त्यापूर्वीचे ग्रंथ 'बेळगांव', 'वडगांव' असे लिहितात आणि नंतरचे 'बेळगाव', 'वडगाव'. संगणकास हे दोन निराळे शब्द वाटतात. 'नागपुर' आणि 'नागपूर' यांचेही तसेच. मोडी लेखनात तर इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेलाच नसतो, त्यामुळे लिप्यंतरकार जे लिहील ते प्रमाण ठरते. याहून सूक्ष्म अडचण कऱ्हाड आणि वऱ्हाड या नावांत आहे. त्यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकित करता येतो. डोळ्यांस अक्षर एकच दिसते, पण आतील संकेत भिन्न असतात, आणि एका रीतीने लिहिलेले कऱ्हाड दुसऱ्या रीतीने शोधले असता सापडत नाही. यावर उपाय असा की घराण्याच्या कामास प्रारंभ करतानाच लेखनाची एक पद्धत ठरवावी, तीच मुख्य नावात पाळावी, आणि कागदात आढळलेली इतर सर्व रूपे पर्यायी नावे म्हणून त्याच गावाखाली नोंदवावीत. म्हणजे कोणत्याही रूपाने शोध घेतला तरी हाती तेच गाव येते, आणि मूळ कागदातील लेखनही सुरक्षित राहते.

रोमन लिपीतील दस्तऐवजांची कथा निराळीच आहे. ध्वनिसाम्यावरून नावे जुळविण्यासाठी पाश्चात्त्य प्रणालींत 'साउंडेक्स' ही पद्धत वापरतात. तिचे पेटंट रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली घेतले. ती इंग्रजी वळणाच्या नावांस बेतलेली असल्याने पूर्व युरोपातील ज्यू घराण्यांच्या नावांस पुरी पडेना, तेव्हा रँडी डाइच आणि गॅरी मोकोटॉफ यांनी १९८५ साली त्या नावांसाठी स्वतंत्र पद्धत निर्माण केली. आपल्या ण-न, ळ-ल, ट-ठ-थ यांच्या गुंत्यासाठीही अशी खास पद्धत कोणी संगणकतज्ज्ञ मराठीसाठी सिद्ध करील तर त्याचे या क्षेत्रावर मोठे उपकार होतील. तोवर 'पूना', 'टॅना', 'सत्तारा' यांसारखी कंपनी सरकारच्या काळातील रूपे पर्यायी नावांतच नोंदविणे भाग आहे.

याची सर्वाधिक आवश्यकता मॉरिशसमधील आपल्या मराठी बांधवांस आहे. १८३४ पासून त्या बेटावर करारबद्ध मजूर जाऊ लागले आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी व सावंतवाडीकडील मराठी कुटुंबे पुष्कळ होती. तेथील नोंदवह्यांत प्रत्येकाचे नाव, वय, जात यांबरोबर गाव, परगणा आणि जिल्हा हे रकाने आहेत, आणि त्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेविल्या आहेत. परंतु मजुराने मालवणी उच्चारात सांगितलेले गाव परदेशी कारकुनाने आपल्या कानास जसे ऐकू आले तसे लिहिले. अशा वेळी गावाच्या एका नावावर विसंबून न राहता परगणा आणि जिल्हा यांच्या आधारे वरून खाली उतरत जावे लागते : प्रथम त्या काळच्या जिल्ह्यातील सर्व गावे प्रणालीतून वेगळी काढावयाची आणि मग ध्वनिसाम्य तपासावयाचे. 'अमुक स्थळाच्या अंतर्गत असलेली सर्व स्थळे' असा शोध ग्रॅम्प्समध्ये घेता येतो. मात्र गावे आधी उतरंडीत बसविलेली असली तरच. आपल्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांनी हेच तत्त्व फार पूर्वी ओळखले होते; यात्रेकरूस ते आडनावाबरोबर गाव विचारतात आणि त्यावरूनच नेमकी वही काढतात.

अक्षांश-रेखांश नोंदविण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण नाव आणि जिल्हा बदलले तरी जमिनीवरील ठिकाण बदलत नाही. परंतु धरणांखाली गेलेल्या गावांच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. मुळशीच्या खोऱ्यातील ज्या गावांसाठी १९२१ साली सत्याग्रह झाला ती, कोयनेच्या शिवसागराखालची, उजनीच्या पाण्यात गेलेले जुने पळसदेव, यांची माणसे अन्यत्र वसली आणि नव्या वस्तीसही पुष्कळदा जुनेच नाव मिळाले. जुने गाव आणि पुनर्वसित गाव या दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात, प्रत्येकीस तिचे अक्षांश-रेखांश द्यावेत आणि स्थलांतराचे साल दोन्हींत लिहावे. एरव्ही १९१० सालचा जन्म १९७५ नंतर वसलेल्या गावी झाल्याचे वंशवृक्षात दिसेल. हयात असलेल्या गावांसाठी २०११ च्या जनगणनेतील सहा आकडी ग्रामसंकेतांक स्थळाच्या नोंदीत घालावा. दोन वडगावे एकमेकांत मिसळण्याचा संभव त्याने पुरता टळतो.

ज्या घरात अजून ऐंशी-नव्वदीतील वडीलधारी मंडळी आहेत त्या घरातील वाचकांस माझी विनंती अशी की, या दिवाळीत सारे एकत्र जमतील तेव्हा आजोबा-आजींकडून मूळ गावाचे नाव तर विचाराच, पण त्याबरोबर त्याची तर्फ, जुना तालुका, शेजारची गावे, जवळची नदी, बाजाराचे ठिकाण आणि ग्रामदैवत हेही विचारून, जसे त्यांच्या तोंडून आले तसेच, त्या दिवसाच्या तारखेसह लिहून ठेवावे.