आडोशाची फुले आणि राखणीचे हात

सातारा-सांगलीच्या रस्त्याने जाताना उसाच्या फडांमधून कोठे कोठे दुधी रंगाची कमानदार छपरे दिसतात. सरकारी कागदात त्यांना हरितगृह म्हणतात, शेतकरी पॉलिहाऊस म्हणतो, आणि आत कामाला जाणाऱ्या बाया नुसते 'शेड' म्हणतात. आत जरबेरा, कार्नेशन, डच गुलाब अशी फुले असतात. लग्नाच्या मांडवात आणि सत्काराच्या गुच्छात ती आता आपल्या चांगल्या ओळखीची झाली आहेत. ही फुले कशी वाढतात, त्यांना छप्पर का लागते आणि त्या छपराखाली कोणावर काय काय जबाबदारी येते, हे नीट समजून घ्यावे, येवढाच या लेखाचा हेतू. आम्ही शेतकी महाविद्यालयाचे पदवीधर नाही. मजुरांच्या संघटनेचे काम करताना अशा शेडांतून वर्षानुवर्षे जाणे झाले, माळ्यांना आणि मजुरांना विचारीत गेलो, मिळतील ती पुस्तके वाचली. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो.

प्रथम 'नाजूक' या शब्दाचा विचार करू. आपण सहज म्हणतो, जरबेरा नाजूक फूल आहे. पण जरबेरा हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतले रानझाड. तेथे ते उघड्या माळावर, कोणी पाणी न घालता, पिढ्यान्‌पिढ्या फुलत आले आहे. कार्नेशनचे माहेर भूमध्य समुद्राच्या काठचे. थंड रात्री आणि स्वच्छ ऊन यांची त्याला सवय. अँथुरियम दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया-इक्वेडोरच्या ओल्या जंगलातले, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे. आपापल्या मुलखात यांतले एकही झाड दुबळे नाही. परमुलखात आल्यामुळे ते नाजूक झाले.

याची उलट बाजू साताऱ्याच्या डोक्यावरच आहे. कासचे पठार बाराशे मीटरांच्या उंचीवर, खाली जांभा दगड आणि वर बोटभर माती. वारा असा की माणसाला उभे राहू देत नाही, आणि पाऊस चार महिने झोडपतो. तेथे श्रावण-भाद्रपदात तेरडा आणि सीतेची आसवे गालिचा अंथरल्यासारखी फुलतात. 2012 साली पश्चिम घाटातील निवडक जागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कासचाही समावेश झाला. पण तेच झाड उपटून सांगलीच्या गच्चीवर आणून लावा, ऊन-पाणी वेळेवर द्या, तरी ते बहुधा मान टाकील. आमच्या माण-खटावचा दुष्काळात काटक राहिलेला गडी मुंबईच्या गिरणीत गेला आणि पहिल्या वर्षातच खोकू लागला, अशी कितीतरी घरे या जिल्ह्यात आहेत. काटकपणा ज्या हवेत कमावला त्या हवेपुरता असतो. तेव्हा आडोसा म्हणजे परमुलखातल्या झाडाला त्याच्या गावची हवा उसनी आणून देणे. हे ध्यानात ठेवले की पुढच्या सगळ्या खटपटीचा अर्थ लागतो.

युरोपात फुलझाडांसाठी काचेची घरे बांधली गेली ती थंडी अडवण्यासाठी. आपल्याकडे बंगळूरच्या लालबागेत 1889 साली पायाभरणी झालेले काचघर त्याच परंपरेतले. काचेतून ऊन आत येते. माती, पाने, भांडी तापतात. त्यांच्याने आतली हवा तापते. ही ऊब बाहेर का जात नाही? जुन्या पुस्तकांत याचे उत्तर असे असे की, काच उजेडाला वाट देते आणि उष्णतेच्या अदृश्य किरणांना अडवते. ते खोटे नाही, पण मुख्य कारण दुसरे आहे. 1909 साली वुड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एकीला काचेचे झाकण होते, दुसरीला सैंधवासारख्या पारदर्शक खनिज मिठाच्या पत्र्याचे. मीठ उष्णतेचे किरण अडवीत नाही, तरी दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. अर्थ असा की, तापलेली हवा वर चढून निघून जाते, तिला वाट मिळत नाही, म्हणून घर तापते. भर दुपारी स्टँडवर उभ्या राहिलेल्या, खिडक्या लावलेल्या एसटीत जो शिरला असेल त्याला हे निराळे शिकवावे लागणार नाही.

आता हेच घर आपल्या मुलखात आणले की प्रश्न उलटा होतो. आपल्याला ऊब साठवायची नसते, तिला बाहेर घालवायचे असते. आपले छप्पर असते ते उन्हाच्या तिरपीसाठी, वळवाच्या गारांसाठी, पावसाच्या झोडीसाठी आणि वाऱ्यासाठी. म्हणून आपल्याकडील पॉलिहाऊसला लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर उन्हाने लवकर न विरणारा साधारण दोनशे मायक्रॉन जाडीचा कागद, बाजूंना वर-खाली होणारे पडदे आणि किडे अडवणारी बारीक जाळी, आणि कमानीच्या माथ्याशी गरम हवा निघून जाण्यासाठी लांब फट ठेवतात. ही माथ्याची फट नसेल, किंवा बाजूचे पडदे वेळेवर उघडले नाहीत, तर बाहेर 38 अंश असताना आत आणखी पाच-सात अंश सहज चढतात. जरबेऱ्याला दिवसाची 22 ते 25 अंशांची हवा मानवते, कार्नेशनला रात्री त्याहूनही बऱ्याच थंड लागतात. रात्रीच्या आणि दिवसाच्या हवेत फार तफावत पडली की कार्नेशनच्या कळीचा हिरवा पेला फाटतो आणि फुलाची किंमत जाते.

चैत्र-वैशाखात हवा थंड करण्यासाठी आत पाण्याचे धुके सोडतात. त्यामागचे तत्त्व आपल्या माठाचेच. माठातून झिरपलेले पाणी वाळताना उष्णता शोषून घेते, म्हणून माठ गार. पण माठाचे पाणी वैशाखात गार होते आणि आषाढात होत नाही, हे घरातली आजीसुद्धा सांगेल. पावसाळ्यात हवा आधीच ओली असते, पाणी वाळतच नाही. त्या दिवसांत धुके सोडले तर गारवा मिळत नाही, मिळते ती बुरशी. म्हणून सांगलीचा उन्हाळा आणि साताऱ्याचा पावसाळा यांना एकच नियम लावून चालत नाही. उन्हाळ्यात शत्रू असतो कोरडी उष्णता आणि तिच्याबरोबर येणारा लाल कोळी. पावसाळ्यात शत्रू असते ओल आणि तिच्याबरोबर येणारी कूज. कोणता पडदा केव्हा उघडायचा, हे यंत्रावर सोपवून चालत नाही. आकाशाकडे पाहणारा माणूस तेथे लागतोच.

मातीचीही अशीच गोष्ट. जरबेऱ्यासाठी तांबडी माती, कुजलेले शेणखत आणि भाताचे तूस मिसळून फूट-दीड फूट उंचीचे गादीवाफे करतात. रोप लावताना त्याचा गड्डा, म्हणजे जेथून पाने फुटतात तो भाग, मातीच्या वर राहिला पाहिजे. तो पुरला गेला की पाणी साचून कुजतो आणि रोप बसते. पाणी ठिबकने आणि खतही पाण्यातूनच. येथे एक धोका असतो. उघड्या शेतात दरसाल पाऊस येऊन मातीतले क्षार धुऊन नेतो. छपराखाली पाऊसच पडत नाही; पाण्यातला आणि खतातला क्षार वर्षानुवर्षे तेथेच साठतो. वाळवा-मिरज भागात अति पाण्याने आणि निचरा नसल्याने क्षारपड झालेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातले गांभीर्य कळेल. कृष्णाकाठच्या शिवारांना जे व्हायला कित्येक वर्षे लागली, ते शेडमध्ये दोन-तीन हंगामांतही होऊ शकते. म्हणून वाफ्याला निचरा हवा आणि अधूनमधून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे हवे.

एकंदरीत पाहता, आडोसा करणे म्हणजे निसर्गाच्या हातातली कामे एकेक करून काढून घेणे. पाऊस गेला, आता धुणे आपल्याकडे. वारा गेला, हवा खेळवणे आपल्याकडे. किडी खाणारे पाखरू आणि मित्रकिडे गेले, राखण आपल्याकडे. छपराने काळजी संपत नाही, ती सगळी माणसाच्या अंगावर येते. आता हा 'माणूस' कोण, तेही पाहिले पाहिजे. गुंतवणूक मालकाची, कर्ज मालकाचे, आणि वळवाच्या वादळात कागद फाटला तर नुकसानही त्याचेच. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, देवळे आणि लग्ने थांबली, तेव्हा घेणारा कोणी नसतानाही त्याला फुले तोडावीच लागली, कारण फूल झाडावर वाळू दिले तर झाड थकते. ती तोडलेली फुले उकिरड्यावर गेली. त्याचे दुःख आम्ही कमी लेखीत नाही. पण पहाटे देठ पिरगाळून फूल काढणारे, जुनी पाने खुडणारे, वाफ्यांतून ओणवे चालणारे हात बहुतेक बायांचे असतात, आणि त्यांचा हिशेब फुलाच्या हिशेबात फारसा धरला जात नाही.

कापडगिरणीच्या विणकाम खात्यात सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवीत. सुताला ओल मानवे, कामगाराच्या छातीला मानवत नसे. इंग्लंडमध्ये या वाफेविरुद्ध कामगारांनी ओरड केली, तेव्हा 1889 साली कायदा होऊन गिरणीतल्या दमटपणाला मर्यादा घातली गेली. आज शेडमध्ये तोच प्रश्न फुलाच्या निमित्ताने उभा आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून उन्हाळ्यात आतले काम पहाटे सुरू करून अकराच्या आत संपवावे, पिण्याचे पाणी आणि सावलीतली विसाव्याची जागा शेडबाहेर असावी, हे आमचे पहिले मागणे. यात फुलाचेही हित आहे. पहाटे तोडलेले फूल जास्त दिवस टिकते.

दुसरे मागणे फवारणीचे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते तर उघडे रान होते. शेड बंद असते. औषधाचा वास तेथे कोंडून राहतो. एका ठिकाणी सकाळी फवारणी झाली आणि दुपारी बायांना फुले तोडायला आत पाठवले, त्यांतल्या तिघींना घेरी येऊन उलट्या झाल्या, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. औषधाच्या डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि शेवटी हिरवा. अक्षर न येणाऱ्या मावशीलाही रंग कळतो. म्हणून डबा मजुरांना दाखवूनच फवारणी करावी, डब्यावर जी मुदत लिहिली असेल तितका वेळ आत कोणी जाऊ नये, आणि पडदे उघडून हवा खेळल्यावरच कामाला लागावे.

तिसरे सुटीचे. महात्मा फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव आपल्या खटाव तालुक्यातले कटगुण, आणि मूळ आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांच्या धंद्यामुळे ते 'फुले' झाले. त्यांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि 1890 च्या 10 जूनपासून कामगारांना रविवारची सुटी मिळाली. मालक म्हणतात, झाडाला रविवार नसतो. खरे आहे. पण झाडाला नसला म्हणून माणसाला नसावा असे होत नाही. पाळी लावली की झाडालाही रोज हात मिळतो आणि प्रत्येकीला आठवड्याचा एक दिवस मिळतो. गिरणीही अशीच चालली होती.

शेवटी, ज्यांच्याजवळ शेत नाही पण गच्ची आहे, अशा शहरवासी श्रोत्यांसाठी थोडे. पॉलिहाऊसचा कागद गच्चीवर घालू नये, झाडे शिजतील. पन्नास टक्के सावली देणारी जाळी डोक्यावर ताणावी, पश्चिमेकडून तट्टी किंवा दाट वेल असावा, आणि पूर्वेचे ऊन मोकळे सोडावे. जरबेऱ्याला सकाळचे चार-पाच तास ऊन द्यावे, अँथुरियमला थेट ऊन लागू देऊ नये, ऑर्किड मातीत न लावता कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणात लावावे. पाणी सकाळी घालावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने कोरडी होतात. बोअरचे जड पाणी असेल तर महिन्यातून एकदा कुंडी भरपूर पाण्याने धुऊन निघू द्यावी, जमल्यास साठवलेल्या पावसाच्या पाण्याने. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. तेथे मुळे कुजतात आणि डास होतात. आणि कुंड्या एकमेकींना खेटून ठेवू नयेत, वाऱ्याला मधून जाता आले पाहिजे.

पुढल्या वेळी मांडवात जरबेऱ्याची रांग दिसेल तेव्हा भाव जरूर विचारा. पण ओळखीच्या फुलवाल्याला आणि ज्यांचे शेड असेल अशा सोयऱ्याला आणखी दोन गोष्टीही विचारा: फवारणीनंतर किती वेळाने बाया आत जातात, आणि त्यांना सुटी कोणत्या दिवशी असते. गिऱ्हाईक विचारू लागले की मालकाला उत्तर तयार ठेवावे लागते, आणि उत्तर तयार ठेवायचे म्हटले की व्यवस्था सुधारू लागते, हा आमचा अनुभव आहे.