महाडमध्ये अक्षरं किती?

‘महाड’ या नावात अक्षरं किती? शाळकरी मूल तीन म्हणेल. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीतली, म्हणजे पायथन २ मधली, मजकुराची साधी स्ट्रिंग १२ सांगायची, नव्या पायथन ३ मधली ४ सांगते.

गणित तिघांचंही बरोबर आहे. मजकूर साठवण्याच्या युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. जुनं पायथन बाइट मोजायचं. नवं म, ह, काना आणि ड अशी चिन्हं मोजतं. जुन्यात पहिले चार घटक कापून घेतले, तर म पुरता हाती यायचा, ह चा मात्र तिसरा हिस्साच, आणि पडद्यावर त्याचा चौकोन दिसायचा. ३ डिसेंबर २००८ ला पायथन ३ आलं, ते मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी वरदानच होतं.

पण जुने प्रोग्राम त्यावर चालेनात. काही तर चालायचे आणि गुपचूप वेगळं उत्तर द्यायचे: ७ भागिले २ जुन्यात ३, नव्यात साडेतीन!

नवं आलं, तरी जुनं लगेच सोडता येत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूरच्या पुढे कशेडीचा बोगदा २०२३ च्या गणपतीआधी खुला झाला, तरी घाटातल्या गावांना जुनाच रस्ता लागतो. ‘डेबियन’ ही लिनक्स प्रणाली घडवणाऱ्या स्वयंसेवकांनीही असेच दोन्ही मार्ग वर्षानुवर्षं चालते ठेवले. एकेका लायब्ररीची दोन पॅकेजं, एक ‘पायथन-’ने सुरू होणारं आणि दुसरं ‘पायथन३-’ने. फोल्डर वेगळे, चाचण्या वेगळ्या. भाषेच्या निर्मात्यांचं नाव सगळे घेतात. खरी हमाली या पॅकेजरांनी केली. दोन्हीकडे चालणारा कोड लिहायला मदत करणाऱ्या लायब्ररीचं नाव तर ‘सिक्स’ आहे, दोन गुणिले तीन!

जुन्या पायथनची देखभाल थांबवण्याची मुदत आधी २०१५ होती, ती २०२० पर्यंत वाढवावी लागली. ई-पुस्तकांसाठीचं ‘कॅलिबर’ हे सॉफ्टवेअर लिहिणारे भारतीय प्रोग्रामर कोविद गोयल यांनी तर जाहीरच केलं होतं, की सगळा कोड बदलण्यापेक्षा पायथन २ स्वतः सांभाळणं कमी कष्टाचं. ‘अपडेट करा की’ म्हणणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा. उबुंटू २०.०४ या लिनक्स आवृत्तीच्या पॅकेजरांनी कॅलिबर आधीच नव्या पायथनवर नेऊन ठेवलं, तेव्हा वाचकांची जुनी प्लगइन बंद पडली. इतर स्वयंसेवकांच्या मदतीने गोयल यांची अधिकृत ५.० आवृत्ती पायथन ३ वर आली, ती सप्टेंबर २०२० मध्ये.

जून २०२३ च्या डेबियन १२ मधून पायथन २ गेलं. नुसती ‘पायथन’ ही आज्ञा मात्र तिथे आपोआप मिळत नाही. त्यासाठी ‘पायथन-इज-पायथन३’ नावाचं एक चिमुकलं पॅकेज वेगळं बसवावं लागतं.