तेजोमेघाचा रंग खरा कोणता?

“सर, हा रंग खरा आहे का?”

रत्नागिरीजवळच्या एका शाळेत गरुड तेजोमेघाचे चित्र पडद्यावर लावले, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारले. हबल दुर्बिणीने १९९५ साली टिपलेले हे ‘निर्मितीचे स्तंभ’. मी उत्साहाच्या भरात ‘हो’ म्हणून मोकळा झालो. ते चुकीचे होते. घरी येऊन पुन्हा वाचायला बसलो.

हबलचे कॅमेरे रंगीत चित्र घेत नाहीत. वेगवेगळे फिल्टर लावून आकाशाच्या एकाच भागाची करडी चित्रे घेतली जातात आणि मग त्यांना रंग दिले जातात. या चित्रात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा रंग दिला आहे. वास्तविक हायड्रोजनचा हा प्रकाश तांबडा असतो. नकाशात डोंगर तपकिरी दाखवतात तसेच हे. रंग बनावट नाही, पण डोळ्यांना दिसणाराही नाही. हे आधीच सांगितले नाही, तर हुशार मूल सगळे चित्रच खोटे ठरवते, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

दुसऱ्या खेपेस जेम्स वेब दुर्बिणीने घेतलेले, ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याच स्तंभांचे चित्र शेजारी लावले आणि विचारले, “काय बदलले?” मुलांनी सांगितले: खांब विरळ झाले, मागचे असंख्य तारे दिसू लागले, टोकांशी लाल ठिपके आले. हे ठिपके म्हणजे अवघ्या काही लाख वर्षांचे तारे. वेब अवरक्त प्रकाश टिपते. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाबला की डोळ्यांना न दिसणारा असा प्रकाश पडद्यावर लुकलुकतो. सगळ्या मोबाइलवर दिसत नाही. पुढचा कॅमेरा वापरून पाहावा. तो धुळीतून पार कसा होतो, हे भाट्याच्या किनाऱ्यावर समजते. मावळतीला निळा प्रकाश हवेत विखुरतो, लांब लहरींचा तांबडा आपल्यापर्यंत पोचतो. अवरक्ताच्या लहरी त्याहून लांब.

त्या धुळीआड उणे २६० अंशांच्या आसपास गारठलेला वायू स्वतःच्याच गुरुत्वाने आकसतो, तापतो. गाभा सुमारे एक कोटी अंशांवर गेला की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते आणि तारा स्वबळावर तळपतो.

असले शोध परदेशातच लागतात, असे मुलांना वाटते. म्हणून अलकनंदा दीर्घिकेची गोष्ट सांगतो. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्याच चित्रांत ती शोधली. २०२५ साली हे जाहीर झाले. विश्व दीड अब्ज वर्षांचे असताना तिथे वर्षाला सुमारे साठ सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे घडत होते.

शेवटचा तास आकाशाखाली. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये ज्याच्या आधारे वेदांचा काळ मांडला, ते मृग नक्षत्र दिवाळीत रात्री नऊ-दहाच्या सुमारास पूर्वेला उगवते. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या उजवीकडे फिकट ताऱ्यांची एक ओळ आहे. तिच्यातला मधला पुसट दिसतो. सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा हा तेजोमेघ, आणि तिथे आजही तारे जन्मताहेत. त्याच मुलीने द्विनेत्री लावून पाहिले.

“इथे तर रंगच नाही!”

मंद प्रकाशात डोळ्यांना रंग कळत नाहीत. कॅमेरा मात्र तोच प्रकाश बराच वेळ साठवत राहतो, हे तिला सांगितले. द्विनेत्री तिने बराच वेळ परत दिली नाही.