पायातील कळ, तिचे नाव आणि विद्युच्चेतना

काही अंतर चालले की पोटरीत कळ येते, माणूस थांबतो, थोड्या विश्रांतीने कळ ओसरते आणि साधारण तितकेच अंतर चालल्यावर ती पुन्हा उद्भवते. पायाकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्याने चालत्या स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही, हे तिचे कारण होय. वैद्यकात या लक्षणास ‘इंटरमिटंट क्लॉडिकेशन’ म्हणतात. ‘क्लॉडिकेशन’ हा शब्द ‘लंगडणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला आहे. फ्रान्समध्ये 1831 साली बुले या पशुवैद्याने हे लक्षण प्रथम घोड्यात वर्णिले आणि 1858 साली शार्को याने ते माणसात दाखविले. नाव चालीवरून पडले. रोहिणीचा त्यात उल्लेख नाही.

या वेदनेवर त्वचेतून सौम्य विद्युत्प्रवाह देण्याचा उपाय अलीकडे सुचविला जातो. कल्पना मात्र प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने वातरक्ताच्या रोग्यास ओल्या किनाऱ्यावर जिवंत टॉर्पेडो माशावर पाय ठेवून, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईतो उभे राहण्यास सांगितले. हा मासा पाकटाच्या वर्गातील असून विजेचा धक्का देतो. त्याच्या लॅटिन नावाचा मूळ अर्थ ‘बधिरता’ असाच आहे.

आधुनिक उपपत्ती 1965 साली मेलझॅक व वॉल यांनी मांडली. स्पर्शसंवेदना वाहणारे जाड ज्ञानतंतू उद्दीपित झाले असता, मेरुरज्जूतील जणू एक द्वार मिटते आणि बारीक तंतूंनी आणलेली वेदना मेंदूकडे कमी प्रमाणात जाते. 1967 साली वॉल व स्वीट यांनी विद्युच्चेतनेने माणसाची वेदना तात्पुरती शमविल्याचे प्रसिद्ध केले.

येथे खूण आणि खुणेचा अर्थ यांतील भेद ध्यानी घ्यावयास हवा. कळ ही खूण आहे. अपुरा रक्तपुरवठा हा तिचा अर्थ. खूण मंदावली म्हणून अरुंद रोहिणी रुंदावत नाही. विद्युच्चेतनेने चालण्याचे अंतर वाढल्याचे काही लहान प्रयोगांत आढळले आहे. परंतु तेवढ्यावरून तिला मुख्य उपचाराचे स्थान देता येत नाही. ते स्थान तंबाखूचा त्याग, रक्तदाब, रक्तशर्करा व कोलेस्टेरॉल यांचे नियंत्रण आणि नियमित चालणे यांचे आहे. वैद्याच्या देखरेखीखाली कळ येईतो चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. आठवड्यातून तीनदा, निदान 12 आठवडे, हा क्रम ठेवल्यास वेदनारहित अंतर वाढते.

हृदयात पेसमेकर असलेल्यांनी वैद्याच्या संमतीविना हे यंत्र वापरू नये. मधुमेहाने त्वचा बधिर झालेल्यांना प्रवाहाची तीव्रता कळत नाही, म्हणून त्यांनीही सावध राहावे. विश्रांतीतही पाय दुखू लागला, रात्री वेदनेने झोपमोड होऊ लागली किंवा बोटावरील जखम भरेनाशी झाली, तर ती खूण यंत्राने दडपणे घातक ठरेल. तेव्हा प्रश्न वेदनेचा नसून पाय वाचविण्याचा असतो, आणि रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे विनाविलंब जाणे हाच खरा मार्ग होय.