पुणेकर श्रोता आणि पुण्याचे व्याख्यान

देवळाच्या सभामंडपात पूर्वरंग आणि उत्तररंग ऐकून ज्या समाजाचे कान पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले होते, त्याच्यापुढे बुवांच्या जागी वक्ता आणि आख्यानाच्या जागी ऐहिक विषय आणणे फारसे अवघड गेले नसावे. अवघड होते ते श्रोत्याला शंका विचारावयास शिकविणे, कारण कीर्तनात बुवांपाशी पुरावा कोणी मागत नाही. महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि ऐन उन्हाळ्यात, ऊन उतरल्यावर, भाषणास जाणे हा पुण्याचा परिपाठच होऊन बसला. विषय सतरा प्रकारचे असतात. वक्त्याची खरी कसोटी मात्र विषय खुद्द पुणेच असेल तेव्हा लागते.

कारण तेव्हा श्रोता विधानागणिक पुरावा मागतो. या खोडीचे बरेचसे श्रेय, राजवाडे व सरदार मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे. मोडी कागदांचे रुमाल सोडून बसणाऱ्या त्या मंडळींनी, सनद, महजर किंवा जमाखर्चाचा कागद पुढे केल्याविना विधान करावयाचे नाही, असा जो दंडक घातला, तो हळूहळू सामान्य श्रोत्यांतही मुरला. शनिवारवाड्यावर बोलणाऱ्याने १७३२ची वास्तुशांत आणि १८२८ची आग सांगून भागत नाही.

संगीताची तऱ्हा निराळी. तेथे दप्तर गळ्यात असते. १९११ साली गायन समाज काढणाऱ्या भास्करबुवा बखल्यांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतली, हे वाक्य कोणीही वाचून दाखवील. परंतु सप्रयोग व्याख्यानात वक्ता थांबतो, जवारीचा दोरा किंचित सरकवितो, एकाच चिजेचा मुखडा तीन अंगांनी घेतो, आणि मग टिपणाची गरजच राहत नाही.

मला स्वतःला सर्वांत भावतो तो पाण्याचा विषय. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी चुनेगच्ची नळांतून, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. कोंडलेली हवा सुटावी म्हणून वाटेत उच्छ्वास उभारले, आणि पेठोपेठी व वाड्यावाड्यांत हौद बांधले गेले. पडद्यावर नकाशा आला की मागच्या रांगेतून एखादे आजोबा उठतात, "अहो, तो हौद डाव्या अंगाला होता, आम्ही त्यात पाय सोडून बसत असू," असे ठणकावतात, आणि वक्ता निमूटपणे पेन्सिल काढतो. अशा साक्षीला मी कागदाइतकाच मान देईन. किंबहुना कागद बहुधा सरकारी हिशेबापुरता बोलतो.

एक तक्रार मात्र आहे. नळाच्या बांधणीवर पाऊण तास रंगणारी व्याख्याने, हे पाणी भरावयाचे कोणी आणि कोणी नाही, या प्रश्नाशी आली की घड्याळाकडे पाहू लागतात. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो हौद गंज पेठेत आजही दाखवितात, आणि पुण्याच्या जलव्यवस्थेवर बोलणाऱ्याने व्याख्यानाचा आरंभ कात्रजऐवजी तेथून करून पाहण्यास काहीच हरकत नाही.